एलिझाबेथ शॉर्टचा खुनी का सापडला नाही? आणि तसा मृतदेह नागपुरात सापडला तर?

प्रश्न नागपुरात फॉरेन्सिक सायन्स शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे: ‘सिनेमात नशीब काढायला निघालेल्या एलिझाबेथ शॉर्टचा 1947 मध्ये लॉस एंजेलिसला खून झाला. “ब्लॅक डेलिया” म्हणून प्रकरण जगभर गाजलं, पण खुनी सापडला नाही. तो इतका हुशार होता का? आणि असाच मृतदेह उद्या बेसा-पिपळ्याच्या एखाद्या रिकाम्या ले-आऊटमध्ये सापडला, तर आज तपास लागेल का?’

माझं मत आधीच सांगतो. खुनी सावध होता, पण प्रकरण सुटलं नाही ते त्याच्या हुशारीमुळे नाही. 9 जानेवारीच्या संध्याकाळपासून 14 च्या रात्रीपर्यंत ती कुठे होती, हे कुणालाच जुळवता आलं नाही. ते जुळवायला ज्यांची मदत लागणार होती ती माणसं आणि त्या वस्तू पोलिसांच्या आधी वर्तमानपत्रांच्या हाती लागल्या. असा तपास आजही याच दोन ठिकाणी बिघडतो.

तिचं आयुष्य तपासापुरतं बघू. जन्म 29 जुलै 1924, बोस्टनचा; वाढली जवळच्या मेडफर्डला. पाच बहिणींतली तिसरी. वडील मिनिएचर गोल्फची मैदानं बांधायचे, मंदीत धंदा बुडाला. 1930 मध्ये त्यांची गाडी पुलाजवळ बेवारस सापडली आणि घरच्यांनी ते गेले असंच धरलं. बारा वर्षांनी कॅलिफोर्नियाहून त्यांचं पत्र आलं, जिवंत असल्याचं. एलिझाबेथला दमा होता, पंधराव्या वर्षी फुप्फुसाची शस्त्रक्रिया झाली, हिवाळे फ्लोरिडात काढावे लागायचे. अठराव्या वर्षी ती वडिलांकडे गेली, पण दोघांचं काही आठवड्यांतच फिसकटलं. मग कॅम्प कुक या लष्करी तळावरच्या दुकानात नोकरी. सप्टेंबर 1943 मध्ये सांता बार्बराला, दारू पिण्याच्या कायदेशीर वयाच्या आत असताना दारू प्यायल्याबद्दल अटक. ही अटक लक्षात ठेवा, पुढे तिचाच उपयोग झाला. पुढे हवाईदलाच्या एका मेजरशी लग्न ठरलं. त्याने मागणी घातली ते पत्र भारतातून आलं होतं, विमान अपघातातून तो इथे बरा होत होता. 10 ऑगस्ट 1945 ला, युद्ध संपायला आठवडाही उरला नसताना, तो दुसऱ्या अपघातात गेला.

जुलै 1946 मध्ये ती लॉस एंजेलिसच्या भागात आली. सगळे तिला ‘अभिनेत्री’ म्हणतात, पण तिच्या नावावर एकाही चित्रपटातल्या भूमिकेची नोंद नाही. भाड्याच्या खोल्या, ओळखीच्यांकडे मुक्काम, सारखी बदलणारी पत्ते-ठिकाणं. तपासी अंमलदाराच्या दृष्टीने तिच्याबद्दल सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे: ती अमुक वाजता अमुक ठिकाणी परत यायला हवी होती, असं म्हणणारं कुणीच नव्हतं. डिसेंबर तिने सॅन डिएगोत एका कुटुंबाकडे काढला. 9 जानेवारी 1947 ला एका विवाहित सेल्समनने तिला गाडीने लॉस एंजेलिसला आणून बिल्टमोर हॉटेलपाशी सोडलं. बहीण भेटणार आहे, असं तिने त्याला सांगितलं होतं. लॉबीत फोन करताना तिला हॉटेलच्या लोकांनी पाहिलं. तिथून साधारण 600 मीटरवरच्या एका बारमध्ये ती दिसल्याचंही सांगितलं गेलं. पायी दहा मिनिटांचं अंतर. त्यानंतर भरवशाची नोंद नाही. मेडफर्डला वाटत होतं ती सॅन डिएगोत आहे. सॅन डिएगोवाल्यांच्या लेखी ती निघून गेली होती. लॉस एंजेलिसमध्ये वाट पाहणारं कुणी नव्हतं. म्हणून मिसिंगची तक्रारच झाली नाही. नागपूरहून विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला ऑडिशनला जाऊन चार-चार दिवस एकेका मैत्रिणीकडे राहणाऱ्या मुलीचं आजही नेमकं असंच होऊ शकतं.

15 जानेवारीला सकाळी दहाच्या सुमारास, लेमर्ट पार्क भागात साउथ नॉर्टन अॅव्हेन्यूवर, तीन वर्षांच्या मुलीला घेऊन चाललेल्या एका बाईला मृतदेह दिसला. आधी तिला वाटलं, दुकानातला टाकून दिलेला पुतळा आहे. तुमचा ‘ले-आऊट’ हा शब्द इथे अगदी चपखल बसतो: रस्ते आखलेले, फूटपाथ झालेले, युद्धामुळे बांधकामं थांबलेली आणि प्लॉटवर गवत. देह कमरेपाशी, दुसऱ्या आणि तिसऱ्या कटिमणक्याच्या मधून विभागलेला होता, रक्त निथळलेलं आणि अंग धुतलेलं. जागेवर रक्त जवळजवळ नाही. आसपास टायरच्या खुणा, टाचेचा एक ठसा आणि पाणचट रक्त असलेली सिमेंटची रिकामी गोणी.

आता तुमच्या विषयाकडे येऊ. जागेवर रक्त नाही याचा अर्थ घटनास्थळं दोन आहेत: मारलं ती जागा आणि टाकलं ती जागा. पंचनामा टाकलेल्या जागेचा होतो, पुरावा मारलेल्या जागेत असतो. तिचं वजन नोंदीप्रमाणे 115 पौंड, म्हणजे 52 किलोच्या आसपास. किलोमागे 65 ते 70 मिलिलिटर धरलं तर अंगात साडेतीन लिटरच्या आसपास रक्त. एवढं रक्त वाहून घालवायला नळ, निचरा, बंद दार आणि काही तासांचा निवांतपणा लागतो. थोडक्यात, न्हाणीघर. आज अशी जागा सापडली तर फरशी पुसलेली असली तरी नाहणी ट्रॅप काढून त्यातला गाळ घेतात, टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंट खरवडतात, दाराच्या चौकटीच्या खालच्या कडेवर कापूस फिरवतात, मग ल्युमिनॉल, म्हणजे रक्ताच्या अंशावर अंधारात चमकणारं रसायन. खोली ब्लीचिंग पावडरने धुतली असेल तर ल्युमिनॉल सगळीकडे चमकतं. अशा वेळी एक-दोन दिवस थांबून पुन्हा घ्यायचं, कारण ब्लीचचा परिणाम उतरतो, रक्ताचा टिकतो. तांब्यावरही ते चमकतं, म्हणून नुसत्या चमकेवर रक्त म्हणून लिहायचं नाही. रक्तासाठी ल्युमिनॉल 1937 पासून माहीत होतं. प्रश्न रसायनाचा नव्हताच, ते कुठल्या खोलीत फवारायचं हा होता. ती खोली कधीच सापडली नाही.

मृत्यूची वेळ. मृतदेह सापडला तेव्हा मृत्यूला साधारण दहा तास झाले असावेत, असा अंदाज दिला गेला. म्हणजे 14 च्या रात्रीपर्यंत ती जिवंत होती. हा साधा हिशेब पुष्कळ लोक करत नाहीत आणि ‘हरवलेला आठवडा’ म्हणून मोकळे होतात. पाच दिवस ती कुठेतरी जेवली, झोपली, कुणाशी तरी बोलली. मात्र दहा तासांचा हा आकडाही सैल हाताने धरायचा. मृतदेह धुतलेला आणि विभागलेला असेल तर तो लवकर थंड होतो. रक्त नसेल तर मरणोत्तर डाग (मृत्यूनंतर रक्त शरीराच्या खालच्या बाजूला साचून दिसणारे) फिके पडतात आणि वेळ ठरवायचं एक साधन जातं. आपल्याकडे उलटा घोळ होतो. मे महिन्यात 45 अंशांत उघड्यावर पडलेला देह थंड होतच नाही, कधी तापतो. ताठरता भराभर येते आणि भराभर जाते; हिवाळ्यात दीड-दोन दिवस टिकेल ती उन्हाळ्यात दिवसभरात उतरू शकते. त्यामुळे नागपुरात शरीराच्या तापमानावरून वेळ सांगताना जागेवरच्या हवेचं आणि जमिनीचं तापमान त्याच वेळी नोंदवलेलं हवं. ते इन्क्वेस्ट पंचनाम्यात, म्हणजे पोलिसांनी मृतदेहाच्या केलेल्या पहिल्या पाहणीच्या नोंदीत, बहुतेक वेळा नसतं. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या शवागारात मृतदेह पोहोचून शीतकपाटात गेला की ती संधी गेलीच म्हणा. अशा वेळी डोळ्यातल्या द्रवातलं पोटॅशियम, जठरातलं अन्न आणि माश्यांच्या अळ्या यांची जोड घ्यायची.

शवविच्छेदन 16 जानेवारीला झालं. मृत्यूचं कारण: चेहऱ्यावरच्या जखमांतून झालेला रक्तस्राव आणि डोक्या-चेहऱ्यावरच्या मारामुळे आलेला शॉक. मनगटं, घोटे आणि मानेवर बांधल्याच्या खुणा. कमरेच्या छेदाच्या कडांना रक्त साकळल्याच्या खुणा फारशा नव्हत्या, म्हणजे तो मृत्यूनंतरचा. हा छेद शस्त्रक्रियेच्या शिकवलेल्या पद्धतीशी जुळत होता, म्हणून दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचीही चौकशी झाली. तिच्या शरीरात व्यंग होतं वगैरे ज्या कहाण्या पुढे रंगल्या, त्यांना शवविच्छेदनाचा आधार नाही.

ओळख पटण्याचा भाग मात्र झकास जमला. बोटांचे ठसे वृत्तसंस्थेच्या ‘साउंडफोटो’ या तारेवरून चित्र पाठवायच्या यंत्राने वॉशिंग्टनला गेले आणि 10 कोटींहून अधिक ठशांतून एफबीआयने 56 मिनिटांत नाव काढलं. ठसे दोनदा नोंदलेले होते: कॅम्प कुकच्या नोकरीच्या वेळी आणि सांता बार्बराच्या त्या किरकोळ अटकेत. आज नागपुरात तुम्हाला वाटेल आधार आहे, मिनिटाभरात कळेल. नाही कळणार. आधार कायद्याप्रमाणे बोटांचे ठसे आणि बुबुळांची मूळ नोंद तपासासाठी मिळत नाही, मृतदेहाची ओळख पटवायलाही नाही. पोलिसांकडे आहेत ते अटक झालेल्यांचे आणि शिक्षा झालेल्यांचे ठसे: राज्याची अँबिस प्रणाली आणि देशपातळीवरची नॅफिस. जगातलं पहिलं ठसे केंद्र 1897 मध्ये कोलकात्यात उघडलं, तरीही ज्या मुलीला कधी अटकच झाली नाही तिला ही यंत्रणा ओळखणार नाही. मग राहतात मिसिंगच्या नोंदी, दात, गोंदण, शिंप्याची पट्टी, सिमकार्ड, आणि शेवटी आईच्या रक्ताशी डीएनए जुळणी.

आणि आता जिथे प्रकरण हातचं गेलं तो भाग.

बातमी फुटली तेव्हा जागेवर गर्दी आणि बातमीदार दोन्ही होते. ओळख पटल्यावर ‘लॉस एंजेलिस एक्झामिनर’च्या लोकांनी तिच्या आईला फोन लावला आणि सांगितलं, तुमच्या मुलीने सौंदर्यस्पर्धा जिंकली आहे. मुलीची सगळी माहिती काढून घेतली आणि मग सांगितलं, तिचा खून झालाय. वर विमानाचं तिकीट आणि राहण्याची सोय देऊन आईला इतर बातमीदारांपासून आणि पोलिसांपासूनही लांब ठेवलं. नीतीचा भाग सोडा, तपासाचं नुकसान बघा: आईचा पहिला जबाब, ज्यात माणूस न सावरता खरं बोलतो, तो वर्तमानपत्राने घेतला. पोलिसांच्या वाट्याला तो आलाच नाही.

दुसरं नुकसान लोक हसण्यावारी नेतात, मला ते सर्वांत मोठं वाटतं. शेवटची दिसली तेव्हा तिच्या अंगावर काळा, नीट शिवलेला सूट होता. छापलं गेलं ‘तंग स्कर्ट आणि पारदर्शक ब्लाउज’. आता 11 तारखेला काळ्या सुटातली मुलगी पाहिलेला एखादा दुकानदार पेपर वाचून काय म्हणेल? ‘ही ती नव्हे.’ तो पोलिसांकडे जाणारच नाही. पाच दिवस ज्यांच्या आठवणीतून भरून निघाले असते, त्या साक्षीदारांना या एका ओळीने घरी बसवलं. ‘ब्लॅक डेलिया’ हे नावही 1946 च्या एका चित्रपटाच्या नावावरून आलं. आपल्या थंडीतल्या बागांत फुलणारा हाच तो डेलिया, बिचाऱ्याचा काही दोष नाही.

24 जानेवारीला वर्तमानपत्रांच्या नावाने पाकीट आलं. पत्ता छापील अक्षरं कापून चिकटवलेला. आत तिचा जन्मदाखला, फोटो, कार्डं आणि वहीच्या कव्हरवर दुसऱ्याच माणसाचं नाव असलेली पत्त्यांची वही. सगळं पेट्रोलने पुसलेलं. अर्धवट ठसे मिळाले, पण ते प्रवासातच खराब झाले. तिची असावी अशी पर्स आणि एक बूटही जवळच्या गल्लीत कचऱ्याच्या डब्यावर सापडल्याचं त्याच दिवशी कळलं. त्यांनाही पेट्रोल लावलेलं. तुमच्या वर्गात विचारण्यासारखा प्रश्न: पेट्रोलने नेमकं काय पुसलं जातं? ठशातलं तेल जातं. घामातली अमिनो आम्लं कागदाच्या तंतूंत शिरलेली असतात आणि पेट्रोलमध्ये विरघळत नाहीत. म्हणूनच निनहायड्रिन (अमिनो आम्लांशी रंग धरून ठसा दाखवणारं रसायन) कागदावर लावताना पेट्रोलियम इथरसारख्या द्रावकात देतात, शाई आणि ठसा दोन्ही पसरू नयेत म्हणून. पण ठशांसाठी निनहायड्रिन सुचवलं गेलं ते 1954 मध्ये, सात वर्षं उशिरा. म्हणजे खुन्याची युक्ती त्याच्या काळापुरती चालली. पाण्याने भिजवलं असतं तर मात्र निनहायड्रिनचाही उपयोग झाला नसता.

सुरुवातीला साडेसातशे पोलीस कामाला लावले, दीडशेहून अधिक संशयित तपासले, साठेक लोकांनी आपणहून कबुली दिली. पुढच्या वर्षांत कबुल्यांचा आकडा 500 च्या वर गेला. इथे काम येते ती राखून ठेवलेली माहिती. कुठल्याही गाजणाऱ्या खुनात दोन-तीन तपशील, म्हणजे एखादी जखम, गाठीचा प्रकार, एखादी गायब वस्तू, फक्त तपासी अंमलदार आणि डॉक्टर यांच्यापुरते ठेवायचे. कबुली द्यायला आलेल्याला ते विचारायचे, सुचवायचे नाहीत. आपल्याकडे याला कायद्याचंही बळ आहे. पोलिसांपुढची कबुली पुरावा होत नाही, पण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 प्रमाणे (जुनं कलम 27) आरोपीच्या सांगण्यावरून जी वस्तू सापडते तेवढा भाग चालतो. मात्र ती जागा आधीच चॅनलवर दाखवली गेली असेल तर बचावाचा वकील एका प्रश्नात ते निवेदन निकाली काढतो.

बेसा-पिपळ्यात असा मृतदेह सापडला तर कागदावर काय होईल ते थोडक्यात. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 103 (खून) खाली, पुरावा नष्ट केल्याबद्दल 238 सोबत. नागरिक सुरक्षा संहितेच्या 194 प्रमाणे इन्क्वेस्ट, 176(3) प्रमाणे सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाची घटनास्थळ भेट आणि चित्रीकरण, 105 प्रमाणे जप्तीचं चित्रीकरण. कागद चोख असतो. गडबड क्रमात होते. पहिल्या दिवशी सगळे सीडीआरच्या, म्हणजे मोबाइल कॉलच्या नोंदींच्या, मागे धावतात. सीडीआर कंपनीकडे दोन वर्षं राहतो, तो पळून जात नाही. पळून जातो तो किराणा दुकानाच्या डीव्हीआरमधला (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रातला) व्हिडिओ. हार्डडिस्कच्या क्षमतेप्रमाणे सात ते तीस दिवसांत त्यावर नवं चित्रण चढतं. म्हणून पहिल्या 24 तासांत मृतदेहापासून बाहेरच्या दिशेने जाणाऱ्या प्रत्येक रस्त्यावरचे, पेट्रोल पंपांवरचे, अपार्टमेंटच्या गेटवरचे डीव्हीआर ताब्यात घ्यायचे. प्रत्येकाचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती मिनिटं पुढे-मागे आहे ते पंचनाम्यात लिहायचं आणि साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं प्रमाणपत्र तेव्हाच घ्यायचं. घड्याळातला फरक न लिहिल्याने चांगला पुरावा कोर्टात लंगडा पडतो.

नमुन्यांतल्या चुका त्याच त्या असतात. रक्ताळलेले कपडे ओलेच प्लॅस्टिकच्या पिशवीत जातात. नागपूरच्या पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी येते आणि डीएनए खराब होतो. सावलीत, पंख्याखाली वाळवून कागदी पाकिटात. व्हिसेरा (विषतपासणीसाठी काढलेले आतले अवयव) मिठाच्या संपृक्त द्रावणात, सूक्ष्मदर्शक तपासणीचे तुकडे फॉर्मलिनमध्ये; डीएनएचा तुकडा चुकून फॉर्मलिनमध्ये गेला की धंतोलीच्या प्रयोगशाळेने कितीही डोकं आपटलं तरी फारसा उपयोग होत नाही. मद्यार्कासाठीच्या रक्तात सोडियम फ्लोराइड हवं. आणि सीलचा नमुना जोडायला विसरू नका.

संशयितांबद्दल. लॉस एंजेलिस पोलीस दलातला निवृत्त खून-तपासनीस स्टीव्ह होडेल याने स्वतःच्या वडिलांवर, डॉ. जॉर्ज होडेल यांच्यावर संशय घेतला. 1950 मध्ये त्या डॉक्टरच्या घरात सरकारी वकिलांच्या पथकाने ध्वनिग्रहण यंत्रं बसवली होती हे खरं आहे. आरोप मात्र कधी ठेवला गेला नाही. 1949 च्या ग्रँड ज्यूरीनेही (नागरिकांच्या चौकशी मंडळाने) पोलिसांच्या कामाची झडती घेतली, निष्पन्न काही झालं नाही. कुठलाही सिद्धांत वाचताना माझी कसोटी एवढीच: या माणसाने 9 ते 14 जानेवारीचे पाच दिवस भरून निघतात का, आणि त्याची न्हाणी कुठली? ‘डॉक्टर होता, स्वभावाने वाईट होता’ यावरून खुनी ठरत नाही. एफबीआयची फाइल सर्वांना वाचायला खुली आहे. आधी ती वाचून तारखांचा तक्ता स्वतः मांडा, मग सिद्धांतांकडे वळा.

तिकडे तपास कागदोपत्री अजून उघडाच आहे. आपल्याकडे असा गुन्हा लागला नाही तर पोलीस ‘ए समरी’ पाठवतात: गुन्हा खरा, आरोपी निष्पन्न नाही. घरचे लोक इथे घाबरतात, प्रकरण बंद झालं समजतात. तसं नाही. खुनाला मुदतीचं बंधन नाही. समरी मंजूर करण्याआधी फिर्यादीला नोटीस जाते. त्या तारखेला हजर राहून हरकतीचा अर्ज द्यायचा आणि त्यात ‘तपास नीट झाला नाही’ असं मोघम न लिहिता काय राहिलं ते लिहायचं: अमुक पंपाचा डीव्हीआर घेतलेला नाही, अमुक मैत्रिणीचा जबाब नाही, अमुक तारखेचं लोकेशन तपासलेलं नाही. नवा धागा मिळाला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 193(9) खाली पुढील तपास केव्हाही करता येतो. मुद्देमाल मात्र समरीबरोबर नष्ट होऊ नये, यासाठी वेगळा अर्ज त्याच दिवशी द्या.